उभें आहे, पण निर्दोष आहे काय?

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं आपल्या सातारा जिल्ह्यांत कोयनेचा भूकंप झाला. धरण उभें राहिलें. परंतु तेवढ्यानें अभियंत्यांचें समाधान झालें नाहीं. तपासणींत भिंतीच्या वरच्या भागास तडे आढळले व पुढें ती बळकट करण्यांत आली. उभें राहणें व निर्दोष असणें या दोन भिन्न गोष्टी होत. संगणकासही हाच न्याय लागू पडतो.

संगणकाचा सर्व कारभार ज्या प्रोग्रामसमूहावर चालतो, त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. वळवाच्या पावसांत वीज अकस्मात् गेली व त्याच क्षणीं डिस्कवर लेखन चालू असलें, तर एखादी फाइल अर्धवट राहूं शकते. वीज आल्यावर यंत्र पूर्ववत् सुरू होतें व आपण निश्चिंत होतों. सुरू होतांना जी तपासणी होते, ती बहुधा डिस्कच्या नोंदवहीचीच असते. पोतीं मोजलीं, पण आंतील धान्य पाहिलेंच नाहीं, तसें हें होय.

मग धान्य कसें पाहावें? फ्रीबीएसडी किंवा जेंटू अशा सिस्टीमचा सोर्स, म्हणजे मनुष्यास वाचतां येणारा मूळ मजकूर, सर्वांस खुला असतो. कम्पायलर नांवाचा प्रोग्राम त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करतो. सोर्सवरून सगळी सिस्टीम पुनः बांधूं लागलें, म्हणजे मेमरी, डिस्क व प्रोसेसर यांची कित्येक तास कसोटी लागते. बांधणी दर खेपेस एकाच ठिकाणीं अडली, तर एखादी फाइल बिघडली असण्याचा संभव असतो. निरनिराळ्या ठिकाणीं अडली, तर मेमरी सदोष असण्याचा किंवा यंत्र फार तापत असल्याचा संशय घ्यावा.

बांधणी पुरी झाली तरी ताळा पाहणें राहतेंच. एसएचए-२५६ या रीतीनें कितीही मोठ्या फाइलचा ताळा ६४ चिन्हांत मांडतां येतो, आणि एक अक्षर बदललें तरी तो पार पालटतो. जुन्या व नव्या फाइलचा ताळा जुळला, तर जुनी फाइल शाबूत समजावी. मात्र बांधणीची वेळ फाइलींत उतरली, तर निर्दोष फाइलींचे ताळेही जुळत नाहींत. हा भेद नाहींसा करण्याचा उद्योग डेबियनच्या मंडळीनें २०१३ सालीं आरंभिला.

आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. केन थॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविलें कीं, कम्पायलरांतच लबाडी दडविली असेल, तर सोर्स कितीही वाचला तरी ती दिसत नाहीं. खोट्या तागडीनें तीच तागडी तपासतां येत नाहीं. म्हणून कम्पायलर व सोर्स दोन्ही बाहेरच्या, खात्रीच्या प्रतीवरून घ्यावींत.

शेवटीं पालकांसही एक विनंती आहे. सिस्टीम पुनः बांधतां येते. परंतु मुलाचा वर्षभराचा अभ्यास किंवा दुकानाचा हिशेब यांचा सोर्स जगांत दुसरीकडे कोठेंही नसतो. त्यांची प्रत निराळ्या डिस्कवर संकटापूर्वींच करून ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हेंही मधून मधून पाहत जावें.