घटक ५ : ‘अंमल’ आणि ‘एकच प्याला’ : नशेची भाषा

५.० उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला,
• अवसादक द्रव्यांचे शरीरावरील परिणाम सांगता येतील.
• नशेविषयीच्या मराठी शब्दांतील अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• ‘एकच प्याला’ या नाटकातील व्यसनाच्या वाटचालीचे विवेचन करता येईल.

५.१ प्रास्ताविक
मराठीत दारू ‘चढते’ आणि ‘उतरते’. ‘चढणे’ या क्रियापदामुळे पिणाऱ्याच्या अंगी काही जोर आला, असा समज होतो. शरीरात घडते ते नेमके उलट. मद्य आणि झोपेच्या गोळ्या ही अवसादक, म्हणजे मज्जासंस्थेचे कार्य मंदावणारी द्रव्ये आहेत.

५.२ शरीरावरील परिणाम
मेंदूतील पेशींची उत्तेजना आवरणारे ‘गाबा’ नावाचे एक रसायन असते. मद्य आणि डायझेपामसारख्या गोळ्या त्याचा प्रभाव वाढवतात. आरंभी संकोचाचा लगाम सैल होतो आणि माणूस बडबडा बनतो. या अवस्थेलाच आपण ‘चढली’ म्हणतो. पुढे जीभ जड होते, तोल जातो, गुंगी येते. मात्रा फार वाढल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेणे म्हणूनच अत्यंत घातक ठरते. ‘गर्द’, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, मेंदूवर निराळ्या मार्गाने कार्य करते. पण श्वास मंदावण्याचा धोका त्यातही असतो.

नित्य सेवनाने शरीर द्रव्याला सरावते आणि तोच परिणाम साधण्यास अधिक मात्रा लागते. दीर्घकाळ घेतलेले मद्य किंवा गोळ्या एकाएकी बंद केल्यास कंप, झटके व भ्रम संभवतात. त्यामुळे सोडण्याचा निश्चय वैद्यकीय देखरेखीखाली अमलात आणावा लागतो.

५.३ शब्दविचार
‘अंमल’ हा शब्द मूळ अरबी. मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ आहेत : राज्यसत्ता (‘इंग्रजी अंमल’) आणि नशेचा प्रभाव. ‘अंमली पदार्थ’ या शब्दप्रयोगात हे दोन्ही अर्थ एकमेकांजवळ येतात : सेवन करणारा स्वतःला धनी समजतो, पण सत्ता पदार्थाची असते. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा ‘संकट’ असाही अर्थ आहे. आज आपण ‘वाचनाचे व्यसन’ असे कौतुकाने म्हणतो, तेव्हा हा अर्थ मागे पडलेला असतो.

५.४ साहित्यातील प्रतिबिंब
राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. वकील सुधाकर पहिला प्याला घेतो तो चैनीसाठी नव्हे. अपमानाची बोच बधिर करण्यासाठी. तळीराम त्याला ती वाट दाखवतो. शीर्षकातील ‘च’ हे अवधारणार्थक अव्यय मर्यादा सुचवते : एक, अधिक नाही. संपूर्ण नाटक ही मर्यादा कशी ढासळते ते दाखवते. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तरी पुन्हा तिच्याकडे वळतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता, हे केवळ दुबळ्या मनाचे चित्र राहत नाही. त्याची किंमत मात्र सिंधू आणि तिचे मूल मोजतात.

पुढे डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’मधून व्यसनाचे वास्तव मांडले. १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. सुनंदा अवचट यांनी तेथे व्यसनी माणसाला रुग्ण मानून आपुलकीने उपचार केले. ‘दारूडा’, ‘गर्दुल्ला’ हे शब्द माणसाला त्याच्या व्यसनापुरते उरवतात. ‘रुग्ण’ हा शब्द त्याला बरे होण्याची शक्यता देतो. शब्दाची निवड येथे उपचाराचाच भाग ठरते.

५.५ सारांश
अवसादक द्रव्ये शरीरक्रिया मंदावतात. भाषा मात्र त्यांना ‘चढवते’. हा विरोध ओळखणे भाषेच्या अभ्यासकाला आणि नागरिकालाही आवश्यक आहे.

५.६ आपली प्रगती तपासा
१. ‘अंमल’ या शब्दाचे दोन अर्थ सोदाहरण लिहा.
२. ‘एकच’ मधील ‘च’ चे नाट्यदृष्ट्या महत्त्व स्पष्ट करा.
३. तुमच्या बोलीतील नशेविषयीचे पाच शब्द नोंदवा. त्यांपैकी कोणते शब्द नशेचे कौतुक करतात, कोणते माणसाला हिणवतात, ते सांगा.