फोन तिरका, दोष माझ्या कमरेचा

पळताना मी टाचेवर पडतो, कमरेतून पुढे झुकतो आणि माझी पावलं फार लांब पडतात, असं ॲपने सांगितलं. म्हणजे ॲप हातात धरलेल्या कोचने. लाल-पिवळ्या रेघा मारलेला रिपोर्ट, खाली कोनांचे आकडे, दशांशासकट. दशांश दिसला की आपल्याकडे माणूस गप्प बसतो.

उपाय एकच: टाच टेकवायचीच नाही, चवड्यावर पडायचं. तेही लगेच, सातारा हिल हाफ मॅरेथॉन तोंडावर असताना. पोटरी ठणकायला लागली तेव्हा साहेबांचं उत्तर ठरलेलं, "बॉडी ॲडजस्ट होतेय सर, ट्रस्ट द प्रोसेस." टाचेमागची शीर धरली आणि जिना उतरताना कठडा पकडावा लागला, तेव्हा फक्त अंगठ्याचा इमोजी आला. सातारा हुकलीच. फिजिओने पहिल्याच भेटीत सांगितलं की चवड्यावर पडलं की गुडघ्यावरचा भार कमी होतो, पण तो पोटरीवर आणि त्या शिरेवर जातो. सवय व्हायला महिने द्यावे लागतात.

घरी बसून कोचने काढलेला माझ्या पळण्याचा व्हिडिओ परत परत पाहत होतो. एकदा फ्रेम थांबवली आणि नजर माझ्यावरून मागच्या विजेच्या खांबावर गेली. खांबही झुकलेला! माझ्याच दिशेने, जवळजवळ माझ्याइतकाच. खांबाला कोणी चवड्यावर पडायला सांगितलं नव्हतं. फोन हातात तिरका धरला होता, आणि ॲपने स्क्रीनच्या उभ्या कडेपासून माझा कोन मोजला होता.

मग बाकीचंही उलगडलं. चित्रण साधं, सेकंदाला 30 फ्रेमचं. किलोमीटरला सहा मिनिटांच्या पेसने पळणारा माणूस दोन फ्रेममध्ये नऊएक सेंटीमीटर पुढे जातो. पाऊल नेमकं टेकलं तो क्षण दोन फ्रेमच्या मध्येच निसटतो. त्यावर टाच की चवडा हे छातीठोकपणे कसं सांगणार? आणि टाच पडली तर बिघडलं काय? 2004 च्या सापोरो हाफ मॅरेथॉनमध्ये 15 किलोमीटरवर जपानी संशोधकांनी चित्रण केलं, तर अव्वल धावपटूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश टाचेवरच पडत होते. आमच्या कोचला हे ठाऊक नसावं, किंवा सांगायचं नसावं.

चित्रण करायचंच तर 240 फ्रेमचा स्लो-मो लावा. फोन ट्रायपॉडवर, कमरेच्या उंचीला, धावण्याच्या रेषेशी काटकोनात. वाइड लेन्स नको, कडेला चित्र ताणलं जातं. फ्रेमच्या मधोमध असतानाचंच पाऊल मोजा. ढगळ शॉर्ट्समध्ये ॲप खुबा अंदाजाने धरतं, तिथे रंगीत टेप चिकटवा. दोन्ही बाजूंनी काढा, थोडं दमल्यावरही काढा. पाय आत वळतो का, हे बाजूच्या चित्रात दिसतच नाही, त्यासाठी मागून घ्यावं लागतं. दुखत नसेल तर पळण्याची ढब बदलायला जाऊ नका.

आणि मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर येते ती सहसा दाबून लहान केलेली असते. मी माझी मागितली, तर म्हणे फोनमध्ये जागा नव्हती, डिलीट केली. कोचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता "ॲडव्हान्स्ड गेट ॲनालिसिस"ची जाहिरात फिरतेय, आणि नमुना म्हणून लावलेल्या रिपोर्टमधला पळणारा मीच आहे.