बिनतारी जोडणी का तुटते?

तारेने जोडलेले यंत्र बंद पडले, की माणसाचा हात आपोआप तारेकडे जातो. तार तुटली आहे काय, टोक सैल झाले आहे काय, त्यावर गंज चढला आहे काय, हे तो डोळ्यांनी पाहतो आणि बोटांनी चाचपतो. मोबाइल आणि त्याची उपसाधने, म्हणजे हेडफोन, श्रवणयंत्र, मनगटी घड्याळ किंवा स्पीकर, यांना जोडणारी तार मात्र दिसतच नाही. त्यामुळे आवाज थांबला म्हणजे कोठे पाहावे हेच कळत नाही आणि सारा दोष यंत्राच्या माथी मारला जातो. पुष्कळदा उत्तम स्थितीतील उपकरण नाहक दुरुस्तीला जाते किंवा अडगळीत पडते. वस्तुतः या न दिसणाऱ्या तारेलाही सांधे आहेत, आणि ते मोजकेच आहेत. ते समजून घेतले, तर बिघाड नेमका कोणत्या सांध्यात आहे हे क्रमाने शोधून काढता येते.

लहरींचा मार्ग

ही जोडणी बहुधा ब्लूटूथ पद्धतीची असते. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली या पद्धतीवर काम सुरू झाले. तिच्या लहरी रेडिओलहरीच होत. त्यांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असते आणि त्यांची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते. भारतात हा पट्टा २००५ साली ठरावीक शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरासाठी खुला करण्यात आला. जेथे परवाना लागत नाही तेथे गर्दी होणारच. घरातील वाय-फाय, बिनतारी माउस आणि कीबोर्ड याच पट्ट्यात बोलतात; अन्न तापवणारी मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर चालते आणि तिच्यातील लहरींचा अत्यल्प अंश बाहेर झिरपतो.

या गर्दीत ब्लूटूथचा आवाज फारच क्षीण असतो. दहा मीटरांच्या टप्प्यासाठी बनवलेल्या नेहमीच्या उपकरणाची प्रक्षेपणशक्ती जास्तीत जास्त अडीच मिलिवॉट असते; ९ वॉटच्या विजेच्या दिव्याला लागणाऱ्या शक्तीचा तो ३६०० वा हिस्सा होय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की पोहोचणारी शक्ती चौथाईवर येते. ग्रहण करणारे यंत्र एका वॉटच्या हजार कोटीव्या भागावरही काम चालवते, म्हणूनच ही जोडणी शक्य होते. मात्र एवढ्या सूक्ष्म शक्तीत मधला अडथळा फार महाग पडतो.

अडथळे आणि गोंगाट

या अडथळ्यांत सर्वांत दुर्लक्षित अडथळा म्हणजे माणसाचे स्वतःचे शरीर. शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे आणि पाणी या लहरी शोषून घेते. मोबाइल डाव्या खिशात आणि लहरी झेलणारा भाग उजव्या कानाशी असला, तर लहरींना धडाच्या कडेने वळून किंवा भिंतीवर आपटून कानापर्यंत यावे लागते. म्हणूनच घरात व्यवस्थित ऐकू येणारा हेडफोन उघड्या मैदानात मध्येच अडखळतो, कारण तेथे लहर परतवणारी भिंतच नसते. मोबाइल दुसऱ्या खिशात ठेवताच आवाज सुधारला, तर दोष यंत्रात नसून मार्गात होता असे खुशाल समजावे. धातूची पेटी, पोलादी कपाट आणि जाड काँक्रीटची भिंत हे असेच अडथळे होत.

गोंगाटावर ब्लूटूथने एक युक्ती योजली आहे. मूळ पद्धतीत या पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झ रुंदीचे ७९ उपमार्ग केलेले असतात आणि दोन्ही यंत्रे ठरलेल्या क्रमाने सेकंदास १६०० वेळा उपमार्ग बदलतात. एखाद्या मार्गावर गोंगाट असला, तरी क्षणार्धात ती दुसऱ्या मार्गावर गेलेली असतात. कंप्रता बदलत राहण्याचे हेच तत्त्व अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली अमेरिकेत मिळवलेल्या पेटंटात मांडले होते. शत्रूला पाणतीराचे (टॉर्पेडोचे) नियंत्रण बिघडवता येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, कंप्रता त्यांनी सुचवल्या होत्या. २००३ साली ब्लूटूथमध्ये आणखी सुधारणा होऊन गोंगाटाचे मार्ग ओळखून ते वगळण्याची सोय झाली. तरीही चोहोकडून गर्दी दाटली, तर मोकळे मार्ग अपुरे पडतात. गजबजलेल्या रेल्वे स्थानकावर आवाज तुटत असेल आणि घरी येताच तो नीट होत असेल, तर कारण याहून वेगळे शोधण्याची गरज नाही.

शोध, ओळख आणि संवाद

मार्ग निर्वेध असूनही जोडणी होत नसेल, तर तिच्या तीन पायऱ्या पाहाव्या लागतात.

पहिली पायरी शोधाची. उपसाधन आपण हजर असल्याचा पुकारा करते आणि मोबाइल तो ऐकतो. उपसाधनाची बॅटरी उतरली असेल किंवा ते आधीच दुसऱ्या मोबाइलशी जोडलेले असेल, तर हा पुकारा होत नाही. घरात दोन मोबाइल असले, की हेडफोन गुपचूप शेजारच्या खोलीतील मोबाइलला जाऊन मिळतो आणि मालक मात्र तो बिघडला असे समजतो. काही उपकरणे त्यांच्या अ‍ॅपमधूनच जोडावी लागतात. त्या अ‍ॅपला जवळची उपकरणे शोधण्याची परवानगी दिलेली नसेल, तरीही शोध फसतो.

दुसरी पायरी ओळखीची. हिला पेअरिंग म्हणतात. पहिल्या भेटीत दोन्ही यंत्रे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि तिची एकेक प्रत आपापल्याजवळ जपून ठेवतात. पुढील प्रत्येक भेटीत या किल्लीनेच ओळख पटते. एका यंत्रातील प्रत पुसली गेली आणि दुसऱ्यातील तशीच राहिली, तर जुने नाव पडद्यावर दिसते, पण जोडणी होत नाही. अशा वेळी मोबाइलमधील नोंद काढून टाकावी, उपसाधनातील नोंदही त्याच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे पुसावी आणि ओळख नव्याने करून द्यावी. एकाच बाजूची नोंद पुसून थांबल्यास काम अर्धवट राहते.

तिसरी पायरी संवादाची. ओळख पटली तरी कोणत्या कामासाठी बोलायचे हे ठरावे लागते. संगीत ऐकण्याची पद्धत वेगळी आणि दूरध्वनीवर बोलण्याची वेगळी. मूळ ब्लूटूथमध्ये संगीताचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, म्हणून तो भरघोस असू शकतो; बोलताना आवाज दोन्ही दिशांनी न्यावा लागतो आणि त्यासाठी त्याचा दर्जा कमी केला जातो. गाणे स्पष्ट ऐकू येते, पण फोन आला की आवाज घोगरा होतो, अशी तक्रार वारंवार होते. हा बिघाड नव्हे; हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे.

तपासाचा क्रम

तपासाचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि जोडणी झाली, तर कशामुळे झाली हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवला म्हणजे सारी धडपड नव्याने करावी लागते.

प्रथम दोन्ही यंत्रे पूर्ण चार्ज करून एक मीटर अंतरावर, मध्ये काहीही न ठेवता, समोरासमोर ठेवावीत. येथे जोडणी टिकली, तर दोष अंतराचा, अडथळ्याचा किंवा गोंगाटाचा होता. ती टिकली नाही, तर दोन्ही यंत्रे एकदा बंद करून पुन्हा सुरू करावीत. एवढ्यानेही भागले नाही, तर अदलाबदलीची परीक्षा घ्यावी. उपसाधन दुसऱ्या मोबाइलशी जोडून पाहावे आणि आपल्या मोबाइलशी दुसरे उपसाधन जोडून पाहावे. उपसाधन दोन्हीकडे नापास झाले, तर दोष उपसाधनात असण्याचा संभव अधिक. मोबाइल कोणाशीच जुळेना, तर संशय मोबाइलवर. दोन्ही इतरांशी नीट चालतात आणि फक्त एकमेकांशी जमत नाही, असे दिसले तर दोष ओळखीत किंवा संवादाच्या पद्धतीत आहे. ही परीक्षा आटोपल्यावर दुसऱ्या मोबाइलमधील नोंद आठवणीने पुसावी, नाहीतर उपसाधन पुढेही त्याच्याकडेच धाव घेत राहील.

जेथे घाई महाग पडते

गाण्याचा हेडफोन तासभर बंद राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. श्रवणयंत्राची गोष्ट निराळी. मोबाइलशी असलेला त्याचा संबंध तुटला, तरी भोवतालचा आवाज मोठा करून कानापर्यंत पोहोचवण्याचे त्याचे मुख्य काम चालूच असते. फोनवरील बोलणे ऐकू येईनासे झाले म्हणून वृद्ध माणसाने यंत्रच निकामी ठरवून पेटीत टाकले, तर घरातील माणसांचे बोलणेही त्याला दुरावते. म्हणून आधी यंत्र कानात ठेवूनच समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येते की नाही, हे पाहावे. ते ऐकू येत असेल, तर तुटली आहे ती केवळ न दिसणारी तार.

मधुमेही व्यक्तीच्या दंडावर लावलेला ग्लुकोज संवेदकही आपली मोजणी याच लहरींनी मोबाइलकडे पाठवतो. संबंध तुटल्यास साखर धोकादायक पातळीवर उतरली तरी इशारा वाजत नाही. म्हणून पडद्यावर नवा आकडा येणे थांबले, की बोटाच्या रक्ताच्या थेंबाने मोजणी करून घ्यावी आणि मगच जोडणीचा तपास करावा. घाईने अ‍ॅप काढून टाकू नये. काही प्रकारांत तसे केल्यास लावलेला संवेदक पुन्हा वापरता येत नाही.

तपास क्रमाने करण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. एक दुसरा मोबाइल, एक दुसरे उपसाधन आणि काय केले व काय घडले हे लिहून ठेवण्यास कागदाचा एक तुकडा पुरतो. एवढे करूनही दोष उरला, तर तो कागद दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती द्यावा. त्याचे अर्धे काम तेथेच झालेले असेल.