रीफ टँकमध्ये लाइव्ह रॉक किती?

प्रश्न : माझा २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक आहे. त्यात लाइव्ह रॉक किती घालावा?

उत्तर : जुना ठोकताळा लिटरमागे १२० ते २४० ग्रॅमचा, म्हणजे तुमच्यासाठी २४ ते ४८ किलो. पण वजनापेक्षा सच्छिद्रपणा महत्त्वाचा. हलका, भोकाभोकांचा खडक २० किलोही पुरतो. त्यातले जिवाणू विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. खडक मागच्या काचेला चिकटवू नका. सगळीकडून पाणी खेळू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नका. खडकासाठी आपल्या समुद्रातलं प्रवाळ मात्र कधीही उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. त्याऐवजी कोरडा खडक आणा आणि त्यावर जिवाणू वाढेपर्यंत धीर धरा.