सोव्हिएत विघटनानंतरची अनागोंदी : दोष कोणाचा?

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. २ जानेवारी १९९२ पासून रशियाने बहुतेक किमतींवरील नियंत्रण उठवले. वर्षभरात किमती सुमारे २६ पट झाल्या. आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मधील सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ मध्ये ५८ च्या खाली घसरले.

'घाईच्या सुधारणांनीच घात केला', असे वर्गातील चर्चेत मी ठासून मांडले होते. परंतु दुकाने १९९१ पूर्वीच ओस पडू लागली होती. आणि १९९० मध्ये असाच झटका सोसूनही पोलंड सावरला. तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे खरे कारण दुहेरी आहे : अर्थव्यवस्था आधीच पोखरलेली होती, आणि कायदा राबवणारे, कर गोळा करणारे, पेन्शन वेळेवर देणारे शासनही त्याच वेळी दुबळे झाले.

पोस्टात पै-पै साठवणाऱ्या माझ्या अक्षरशत्रू आईला मी हे सांगितले. ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्यांचं काय चुकलं रे?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या टिपणवहीत नव्हते.