गळ टाकण्याआधी : मासेमारीच्या सहलीचं नियोजन
(परिसर अभ्यास व गणित, इयत्ता ५ वी ते ७ वी)



सॅल्मन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून येतो. हे मुलं पुस्तकात वाचतात, व्हिडिओत बघतात. आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण तो वेगळ्या कुळातला. मग प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा आपल्या मुलांना दाखवायचा कुठे? पेण तालुक्यातल्या जिते परिसरात तो शेताच्या बांधापाशीच येतो.

१. वलगण समजून घ्या

पहिल्या जोरदार पावसात ओढे भरले की गोड्या पाण्यातले मासे उलटे चढून भातखाचरांत शिरतात. तिथे पाणी उथळ, खाद्य भरपूर आणि मोठे शिकारी मासे कमी. अंडी घालायला याहून चांगली जागा कोणती? हीच वलगण, म्हणजे चढणीचे मासे.

आता मुलांना विचारा : वलगणीत मासा सहज हाती लागतो, गाबोळीही मिळते, मग सहल तेव्हाच काढायची का? लगेच उत्तर देऊ नका. पोटात अंडी असलेले सगळे मासे वाटेतच पकडले, तर पुढच्या वर्षी वर कोण चढेल? घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा : पूर्वी कोणते मासे चढायचे, आता कोणते दिसतात? या नोंदी वहीत जपून ठेवा.

२. दिवस निवडा

सहल पावसाळ्यानंतर, खाडीकाठी ठेवा. पेणच्या नद्या धरमतर खाडीला मिळतात, त्यामुळे भरतीचं गणित हवंच. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा : तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, भरतीची अंदाजे वेळ मिळते.

अष्टमी : ८ × ३ ÷ ४ = ६

म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. मुलांसाठी हेच दिवस बरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नेऊ नका. खाडीत आत भरती थोडी उशिरा पोहोचते, म्हणून छापील वेळापत्रक पाहा आणि गावातल्या जाणत्या कोळीदादांना विचारा.

३. तयारी

• गळ, दोरी, बादली, वही, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी.
• पाच मुलांमागे एक मोठा माणूस.
• उघाडीजवळ आणि खोल चिखलात कोणीही उतरायचं नाही.
• पायाला जखम असलेल्या मुलाने काठावर बसून नोंदी घ्यायच्या.
• लहान मासा लगेच पाण्यात सोडायचा. हा नियम मुलांनाच ठरवू द्या.

४. स्वाध्याय

१) तृतीयेला भरती किती वाजता? (उत्तर : सव्वादोन)
२) सॅल्मन आणि वलगणीचा मासा यांत एक साम्य, एक फरक लिहा.
३) जूनमध्ये बांधावर उभं राहून, जाळं न टाकता, मासे चढताना पाहा आणि पाच ओळी लिहा.

एकही मासा गळाला लागला नाही तरी चालेल. कधी पकडायचं नाही हे मुलांना कळलं, तर पुढच्या पावसातही मासे चढतील.