मनावरचा घाव

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मसुरे हे गाव गड नदीच्या काठी वसले आहे. पावसाळ्यात नदीला पूर येतो आणि ओसरतोही. परंतु मागे राहिलेला गाळ आपोआप निघून जात नाही. माणसाच्या मनाचेही असेच आहे. संकट टळते, पण त्याचा घाव मनात राहू शकतो. महाराष्ट्राने याचा दारुण अनुभव १९९३ साली घेतला.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला गणेशविसर्जन आटोपून लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे झोपी गेली. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे ८,००० लोक प्राणास मुकले. जे वाचले, त्यांपैकी अनेकांच्या शरीराच्या जखमा यथावकाश भरल्या. परंतु कित्येकजण पुढे फार दिवस छताखाली झोपण्यास धजत नव्हते.

भयंकर प्रसंगानंतर भीती वाटणे स्वाभाविक आहे. बहुतेकांची भीती हळूहळू निवळते. काहींची मात्र महिना उलटला तरी जात नाही. तोच प्रसंग स्वप्नात दिसतो. भांडे पडले तरी छातीत धडधडते. त्या जागेकडे पाऊल वळत नाही. अभ्यासात चित्त लागत नाही. या विकारास 'आघातोत्तर ताणविकार' असे म्हणतात. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. धोका दिसताच तो पहारेकऱ्याप्रमाणे शरीरास सावध करतो. या विकारात धोका सरल्यावरही हा पहारेकरी हाकाटी करीतच राहतो.

पूर्वी हे फारसे कोणास ठाऊक नव्हते. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून परतलेले काही सैनिक थरथर कापत, रात्री ओरडून उठत. त्यांतील कित्येकांना लोकांनी भित्रे म्हणून हिणवले. या विकारास आजचे नाव मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले. रणांगणावर निर्भयपणे लढलेल्या वीरासही हा विकार जडू शकतो, हे आता सर्वमान्य झाले आहे.

या विकारावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांच्या साहाय्याने रुग्ण ती आठवण धीराने सांगू लागतो व भीतीची पकड सैल होते. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.

वर्गातील एखादा सोबती अपघातानंतर वा पुरानंतर अबोल झाला, तर त्यास भित्रा म्हणू नये. घडलेले सांगण्याचा आग्रहही धरू नये. त्याच्याजवळ बसावे, त्यास खेळात घ्यावे, तो बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे आणि शिक्षकांस वा घरच्या वडीलधाऱ्यांस कळवावे. पाय मोडलेल्या मुलास कोणी धावावयास सांगत नाही. मन दुखावलेल्या मुलासही तेवढाच अवधी दिला पाहिजे.